क्रमशः गुन्हा : संघटित गुन्हेगारी आणि नगरभ्रष्टाचाराच्या श्राव्य कथनमालिकेचा रूपविचार

ह. ना. आपटे यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) ही रेनॉल्ड्सच्या ‘मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन’ या कादंबरीवरून सुचलेली होती, ही गोष्ट मराठी कादंबरीच्या इतिहासात नोंदवली जाते आणि बहुधा तेथेच सोडून दिली जाते. सामाजिक कादंबरीचा पाया घालणाऱ्या लेखकाने आरंभी एका सवंग समजल्या जाणाऱ्या इंग्रज लेखकाचे बोट धरावे, याचा अभ्यासकांना थोडा संकोच वाटत असावा. वास्तविक तो संकोच अनाठायी आहे. शहराच्या पोटात दडलेले व्यसन, व्यभिचार, लाचलुचपत आणि गुन्हेगारी हप्त्याहप्त्याने उलगडत नेणारी कथा हा एकोणिसाव्या शतकातील युरोपचा एक प्रमुख वाङ्मयव्यापार होता. यूजेन स्यूची ‘पॅरिसची रहस्ये’ १८४२-४३ मध्ये एका दैनिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि तिच्या पाठोपाठ रेनॉल्ड्सने लंडनची रहस्ये स्वस्त साप्ताहिक अंकांतून विकली. आपटे यांनी तो साचा घेतला, त्यात पुण्याचा संक्रमणकालीन समाज ओतला, आणि पुढे १८९० मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘क्रमशः’ हा शब्द मराठी वाचकाच्या अंगवळणी पाडला. शहर, गुन्हा आणि हप्ता या तिन्हींचे नाते मराठी कादंबरीच्या जन्माशीच निगडित आहे.

हे नाते आज वेगळ्या माध्यमात पुन्हा जुळलेले दिसते. २०१४ मध्ये अमेरिकेत ‘सीरियल’ या पॉडकास्टने एकाच खून खटल्याची हकिकत आठवड्याआठवड्याने सांगितली आणि सत्य गुन्ह्याची श्राव्य मालिका हा एक स्वतंत्र कथनप्रकार म्हणून रूढ झाला. नोव्हेंबर २०१६ मध्ये आलेल्या ‘क्राइमटाउन’ या मालिकेने त्याच्या पुढचे पाऊल टाकले. तिचा विषय एखादा खून नव्हता; ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स हे संपूर्ण शहर, तेथील माफिया टोळी आणि तेथील महापालिका हा तिचा विषय होता. आता असे कार्यक्रम मराठीतही ऐकू येतात आणि विद्यार्थी ते प्रवासात, स्वयंपाक करताना, झोपण्यापूर्वी ऐकतात. वाङ्मयाच्या अभ्यासकाने हा प्रकार वृत्तविद्या विभागाकडे सोपवून मोकळे होणे योग्य नाही. निवेदक, कथानक, पात्र, काळ आणि श्रोता हे सर्व घटक येथे उपस्थित आहेत. म्हणून त्याचा विचार कथनमीमांसेच्या अंगाने झाला पाहिजे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हप्त्याने चालणाऱ्या कथेला प्रत्येक हप्त्यात परत येणारे पात्र लागते, आणि नगरभ्रष्टाचाराजवळ असे पात्र क्वचितच असते. त्याच्याजवळ ठराव, निविदा, टिपणी, सुधारित अंदाजपत्रक आणि सही असते. त्यामुळे कथनरूप आपली गरज गुन्हेगाराकडून भागवून घेते. भ्रष्टाचाराची कथा सांगायला बसलेला निवेदक पाहता पाहता गुंडाची कथा सांगू लागतो. हा दोष निवेदकाच्या नीतीचा नसून रूपाच्या ओढीचा आहे, आणि म्हणूनच त्याचा अभ्यास करणे आवश्यक ठरते.

‘क्राइमटाउन’च्या पहिल्या पर्वात ही ओढ स्पष्ट दिसते. त्याच्या केंद्रस्थानी बडी सियान्सी हा महापौर आहे. माफियाविरुद्ध खटले चालवणारा सरकारी वकील म्हणून तो पुढे आला, १९७४ ची निवडणूक जिंकून जानेवारी १९७५ मध्ये महापौर झाला, १९८४ मध्ये मारहाणीच्या प्रकरणात त्याला पद सोडावे लागले. मधल्या काळात तो रेडिओवर गप्पांचा कार्यक्रम करीत होता. १९९० ची निवडणूक जिंकून तो परतला आणि २००२ मध्ये महापालिकेच्या माध्यमातून चाललेल्या संघटित लाचखोरीच्या कटाबद्दल दोषी ठरून तुरुंगात गेला. सुटून आल्यावर पुन्हा रेडिओवर आला, २०१४ मध्ये पुन्हा उमेदवार झाला, हरला, आणि जानेवारी २०१६ मध्ये मरण पावला. इतका विनोदी, हजरजबाबी, पडून पुन्हा उठणारा नायक कोणत्या कथाकाराला नको असेल? शिवाय तो स्वतः रेडिओचा माणूस असल्यामुळे त्याच्या आवाजाचा साठा निर्मात्यांना आयता उपलब्ध होता. जुन्या टोळीतील माणसेही स्वतःच्या तोंडाने आपले पराक्रम सांगतात. त्यांचे हसणे, खोकणे, सांगता सांगता थांबणे श्रोत्याच्या कानात थेट उतरते.

याउलट ज्या व्यवहारांसाठी महापालिकेचे अधिकारी पकडले गेले ते मालमत्ता कराच्या सवलती, जागांचे भाडेपट्टे, नोकऱ्या आणि कंत्राटे अशा प्रकारचे होते. एका व्यावसायिकाने तपासयंत्रणेच्या सांगण्यावरून गुप्तपणे केलेल्या मुद्रणांतून ते उघडकीस आले. हा भाग कथेत येतो, परंतु श्रोत्याच्या स्मरणात राहतो तो महापौर. करसवलतीमुळे ज्यांच्या वाट्याला अधिक कर आला त्यांचा आवाज त्या मानाने क्षीण आहे. त्यांच्याजवळ सांगण्यासारखा किस्सा नसतो. फक्त पावती असते.

कबुलीजबाबाच्या या आकर्षणाचा अनुभव मराठी वाचकालाही आहे. पुण्यातील जोशी-अभ्यंकर हत्याकांडातील (१९७६-७७) एका आरोपीने, मुनव्वर शहाने, तुरुंगात लिहिलेले आत्मकथन ‘येस, आय ॲम गिल्टी’ दीर्घकाळ वाचले गेले. मारणाऱ्याचे अंतरंग वाचकाला हवे असते. मेलेल्यांचे अंतरंग सांगायला कोणी उरलेले नसते. मात्र छापील कबुलीत आणि श्राव्य कबुलीत एक महत्त्वाचा फरक आहे. पुस्तकात वाचक थांबू शकतो, मागे जाऊ शकतो, समासात प्रश्नचिन्ह काढू शकतो. कानाला लावलेल्या यंत्रातून येणारा आवाज मात्र ओळखीच्या माणसाचा वाटू लागतो, आणि ओळखीच्या माणसाची उलटतपासणी करण्याची सवय सहसा कोणाला नसते.

येथे एका कायदेशीर व्याख्येकडे वळणे उपयुक्त ठरेल. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९, म्हणजेच मोक्का, संघटित गुन्ह्याची कल्पना एका कृत्यावर उभी करीत नाही. ‘सातत्याने चाललेले बेकायदेशीर कृत्य’ ही त्याची मूळ संकल्पना असून, त्यासाठी टोळीच्या संदर्भात मागील दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रे दाखल झालेली असणे व न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असणे आवश्यक मानले आहे. वाङ्मयाच्या परिभाषेत बोलायचे तर कायद्याने संघटित गुन्हा हा मुळातच ‘क्रमशः’ मानला आहे. सुटी घटना हा गुन्हा. घटनांची मालिका हा संघटित गुन्हा. या अर्थाने श्राव्य मालिकेचे रूप विषयाला अनुरूप आहे, हे मान्य केले पाहिजे. अडचण वेगळीच आहे. नगरभ्रष्टाचारातही सातत्य असते, परंतु त्याची दोषारोपपत्रे होत नाहीत, किंवा होतात तेव्हा मालिकेचे पहिले वीस भाग केव्हाच घडून गेलेले असतात. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर नेमलेल्या व्होरा समितीने गुन्हेगार, राजकारणी आणि नोकरशाही यांच्या साखळीकडे लक्ष वेधले. तिचा अहवाल १९९५ मध्ये संसदेपुढे आला तो अवघ्या काही पानांचा होता. ज्या तपशिलावर तो आधारला होता तो लोकांपुढे आलाच नाही. साखळी आहे एवढे राष्ट्राला कळले, तिच्या कड्या कळल्या नाहीत. अशा पोकळीत कथा शिरते आणि कड्यांच्या जागी चेहरे बसवते.

गिरणगावाच्या उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतरच्या दशकात लालबाग-परळच्या चाळींतील बेकार तरुण टोळ्यांकडे ओढले गेले. ७ मे १९९४ रोजी खटाव गिरणीचे मालक सुनीत खटाव यांची महालक्ष्मीजवळ मोटारीत गोळ्या घालून हत्या झाली. १६ जानेवारी १९९७ रोजी दत्ता सामंत यांची पवईत हत्या झाली. या घटना चित्रपटांत, पुस्तकांत, मालिकांत पुनःपुन्हा सांगितल्या गेल्या आहेत. आता दुसरी एक घटनामालिका पाहावी. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ अन्वये विकासाला निघणाऱ्या गिरणीच्या जमिनीचा ढोबळमानाने एक तृतीयांश वाटा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला मिळावयाचा होता. २००१ मध्ये या नियमात बदल झाला आणि ही वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी केवळ मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरविला. शहराच्या वाट्याला येऊ शकणारी कितीतरी एकर जमीन या बदलाने आली नाही.

दोन्ही घटनामालिका गिरणगावाशीच निगडित आहेत. एकीला आवाज आहे: गोळीचा, रडण्याचा, गर्दीचा. दुसरीला कागदाच्या सळसळीएवढाही नाही, आणि शिवाय ती कायद्याच्या दृष्टीने गुन्हाच नाही. ‘सत्य गुन्हा’ असे नाव धारण करणाऱ्या कथनप्रकारापुढे हा पेच मूलभूत स्वरूपाचा आहे. जे गुन्हा ठरले नाही ते त्याच्या कक्षेबाहेर जाते. आणि शहराचे सर्वांत मोठे नुकसान कित्येकदा तेथेच झालेले असते.

मराठी साहित्याने हा पेच दोन निरनिराळ्या मार्गांनी हाताळला आहे. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात गिरणी कामगाराच्या धुरी कुटुंबाची एक खोली आहे. या घरातला नरू टोळीच्या वाटेला लागतो. पवारांनी त्याला नायक केले नाही, खलनायकही केले नाही. तो त्या घरातील अनेकांपैकी एक राहतो, आणि टोळीचे जग प्रामुख्याने घरात येणाऱ्या बातमीतून, भीतीतून, त्याच्या वागण्या-बोलण्यातून जाणवते. कॅमेरा ज्या ठिकाणी जाऊ इच्छितो तेथे नाटक जात नाही. याच नाटकावर आधारित ‘लालबाग परळ’ (२०१०) हा चित्रपट आला, तेव्हा खोलीबाहेरची हिंसा पडद्यावर आली. ती येणे माध्यमाच्या दृष्टीने स्वाभाविक असेल, पण मूळ नाटकाचे बळ ती न दाखवण्यात होते, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते. नाटकाने गुन्हा हा परिणाम म्हणून दाखविला. चित्रपटात तो घटना म्हणून पुढे येतो.

दुसरा मार्ग अरुण साधू यांचा. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांत आणि त्यांवर आधारित जब्बार पटेल यांच्या ‘सिंहासन’ (१९७९) या चित्रपटात मुख्यमंत्री, त्याला पाडू पाहणारा अर्थमंत्री, कामगारपुढारी, तस्कर आणि पत्रकार यांचे धागे एकमेकांत गुंतलेले आहेत. कोणा एकाला काढून टाकले तरी यंत्र चालूच राहील, अशी ही रचना आहे. चित्रपटाचा आरंभ मुख्यमंत्र्याला आलेल्या एका निनावी दूरध्वनीने होतो, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सूचक आहे: आवाज ऐकू येतो, चेहरा नाही. त्याहून महत्त्वाचा आहे तो दिगू टिपणीस. त्याला सर्व काही दिसते, सर्व काही कळते, आणि त्यातले फारच थोडे छापता येते. जे कळले ते सांगता येत नाही याचे ओझे शेवटी त्याच्या मनाचा तोल घालवते. आजच्या श्राव्य मालिकेचा निवेदक टिपणीसचाच वारस आहे. मात्र त्याचा स्वर बहुधा ‘आम्ही शोधून काढले’ असा विजयी असतो. टिपणीसची हतबलता ही दुर्बलता नव्हती, तो ज्ञानाचा एक प्रकार होता, हे नव्या निवेदकाला अजून उमगावयाचे आहे.

निवेदकाच्या नैतिकतेचा प्रश्न विजय तेंडुलकरांनी ‘कमला’ (१९८१) मध्ये आधीच विचारून ठेवला आहे. स्त्रियांची विक्री होते हे सिद्ध करण्यासाठी एक पत्रकार प्रत्यक्ष एक स्त्री विकत घेतो व तिला पत्रकार परिषदेत उभी करतो. नाटकाला आधार होता तो त्याच वर्षी एका इंग्रजी दैनिकाच्या वार्ताहराने केलेल्या अशाच धाडसाचा. पत्रकाराचे विधान खरे आहे, उद्देशही सार्वजनिक हिताचा आहे, तरीही कमला त्याच्या लेखी पुरावाच राहते. सत्य गुन्ह्याच्या मालिकेत खून झालेल्याची आई, लाच द्यावी लागलेला दुकानदार, बेघर झालेले कुटुंब ही माणसे अनेकदा याच भूमिकेत येतात. त्यांचे दोन मिनिटांचे रडणे घेतले जाते आणि कथा पुन्हा टोळीप्रमुखाकडे वळते. अशा वेळी निवेदकाने त्या माणसाकडून किती घेतले आणि त्याला काय परत दिले, हा प्रश्न पदव्युत्तर वर्गात विचारला जाणे अगत्याचे आहे.

हा सर्व विचार महानगरापुरता मर्यादित आहे असे समजण्याचे कारण नाही. भंडारा जिल्ह्यातील एखाद्या विद्यार्थ्याने उद्या अशी मालिका करावयाची ठरविली, तर त्याला दोन विषय तत्काळ सुचतील. पहिला वैनगंगेच्या रेतीचा. रात्री घाटावर उतरणारी यंत्रे, गावातून जाणारे टिप्पर, अधिकाऱ्यांवर होणारे हल्ले: या विषयाला आवाज आहे, अंधार आहे, पाठलाग आहे, तो श्राव्य माध्यमासाठी जणू तयारच आहे. दुसरा विषय गोसीखुर्दचा, आणि तो जवळजवळ नि:शब्द आहे.

पवनी तालुक्यातील या धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. मूळ अंदाजित खर्च सुमारे ३७२ कोटी रुपये होता आणि भंडारा, नागपूर व चंद्रपूर जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर क्षेत्राला पाणी मिळावयाचे होते. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला; खर्च पुढे १८ हजार कोटींच्या पलीकडे गेला. त्याच २००९ मध्ये विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत काही महिन्यांत सुमारे ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर नेण्यात आली. निविदा उघडण्यापूर्वी किंमत अद्ययावत करणे, तरतूद नसता कंत्राटदाराला अग्रिम देणे अशा स्वरूपाचे आक्षेप घेतले गेले. ‘जनमंच’ या संस्थेने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमले गेले. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हे नोंदविले, आणि काही चौकशा २०१९ मध्ये बंदही झाल्या. वाढलेला प्रत्येक रुपया भ्रष्टाचाराचा होता असे म्हणणे चुकीचे ठरेल. जमिनीचे दर वाढतात, आराखडे बदलतात, पुनर्वसनाला खर्च लागतो. नेमका कोणता रुपया कोणत्या कारणाने वाढला हे वेगळे काढणे हेच या कथेचे खरे कथानक आहे. हप्त्याच्या शेवटी उत्कंठा टांगून ठेवण्याची सवय लागलेल्या निवेदकाला अशा विवेकाचा कंटाळा येतो. त्याला एक खलनायक मिळाला तर तो सुटकेचा निःश्वास टाकील.

नगरप्रशासनाची हयगयही या कथेत पाण्याच्या वाटेने शिरते. नागपूर शहराचे सांडपाणी वाहून नेणारी नाग नदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला मिळते, आणि गोसीखुर्दच्या फुगवट्याचे पाणी भंडारा शहरापाशी येऊन थांबते. एका शहराच्या महापालिकेने जे केले नाही ते दुसऱ्या शहराच्या नळात येते. यात कोठेही टोळी नाही. तरी ‘सातत्याने चाललेले कृत्य’ या शब्दांना इतके चपखल उदाहरण शोधून सापडणे कठीण.

अशा विषयासाठी निवेदकाला आदर्श हवा असेल तर तो परदेशी मालिकांपेक्षा जवळपास शोधावा. दिवाळीनंतरच्या मंडईत झाडीपट्टीच्या गावांतून दंडार होते, खडी गंमत होते. सांगणारा गावचाच किंवा शेजारगावचा असतो. ऐकणारे त्याला ओळखतात, दुसऱ्या दिवशी तो त्यांना पाणवठ्यावर, बाजारात भेटणार असतो. त्यामुळे अतिशयोक्ती तो करतो, पण खोटे बोलला तर त्याला तेथेच टोकले जाते. श्राव्य मालिकेचा निवेदक श्रोत्यांच्या या तपासणीपासून मुक्त आहे. न्यायप्रविष्ट प्रकरणातील आरोपीचे नाव उच्चारताना, दोषसिद्धी आणि संशय यांतील अंतर राखताना, बुडालेल्या गावातील वृद्धेचा आवाज मुद्रित करताना त्याला ही तपासणी स्वतःच स्वतःवर लादून घ्यावी लागते.

येथे श्रोत्याचा प्रश्नही बदलतो. प्रॉव्हिडन्सची कथा जगभरातील जे लोक ऐकतात त्यांना पुढे काय झाले हे ठाऊक नसते. म्हणून रहस्य चालते. गोसीखुर्दच्या नव्या गावठाणात बसून ऐकणाऱ्याला पुढे काय झाले हे निवेदकापेक्षा अधिक ठाऊक आहे. घर गेले, शेत गेले, मोबदला केव्हा आणि किती आला, कालव्याचे पाणी कोठपर्यंत पोहोचले आणि कोठे नाही, यातले काहीही त्याला सांगावे लागणार नाही. त्याला ठाऊक नाही ते एवढेच: कोणता कागद, कोणत्या तारखेला, कोणत्या टेबलावरून, कोणाच्या सहीने पुढे सरकला. असे कागद लावून वाचणे हे एका भागाचे काम नाही, त्याला पार्श्वसंगीत लागत नाही, आणि ते ऐकायला नव्या गावठाणातले लोक रात्रभर बसतील.